वापरलेल्या तेलाची साक्ष : लहान विमानाच्या इंजिनातील तेल व फिल्टर बदलण्याच्या क्रियेचे विवेचन

प्रस्तावना

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि अल्पावधीतच ते देशातील कंटेनर वाहतुकीचे प्रमुख केंद्र बनले. या बंदरात वंगणतेल म्हणून आणलेले १३३ कंटेनर पुढे न्यायालयीन वादाचा विषय ठरले. कागदपत्रांवर वंगणतेल असा उल्लेख होता, मात्र तपासणीत ते घातक टाकाऊ तेल असल्याचे निष्पन्न झाले. रिसर्च फाउंडेशन फॉर सायन्स, टेक्नॉलॉजी अँड नॅचरल रिसोर्स पॉलिसी या संस्थेने १९९५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते तेल भट्टीत जाळून नष्ट करावे आणि त्याचा खर्च आयातदारांनी सोसावा, असा आदेश दिला. सावधगिरीचे तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व, अशा दोन्ही तत्त्वांचा आधार या आदेशाला होता. पर्यावरण कायद्याच्या अभ्यासक्रमात तो आज शिकविला जातो.

या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे आणि ती कायद्याच्या वर्गात सहसा चर्चेला येत नाही. पिंपातील तेल नवे की वापरलेले, वापरलेले असल्यास कशात व कसे वापरलेले, हे डोळ्यांना दिसत नाही. रंग फसवा असतो, वासही फसवा असतो. तेलाचा पूर्वेतिहास त्याच्या घटकांत दडलेला असतो आणि तो वाचावा लागतो. न्हावा शेव्याला हा प्रश्न कंटेनरच्या संख्येने उभा राहिला. बारामती, धुळे, नागपूर किंवा गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील वैमानिक प्रशिक्षणाच्या हँगरमध्ये तोच प्रश्न सहा-सात लिटर तेलाबाबत, ठरावीक उड्डाणतासांनंतर, नियमितपणे विचारला जातो. एका इंजिनाच्या व शिकाऊ वैमानिकाच्या विमानात त्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या क्रियेचे स्वरूप आणि त्यामागील कारणमीमांसा पाहावयाची आहे. तेल बदलणे हे गॅरेजमधील किरकोळ काम होय, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही रूढ आहे. विमानाच्या बाबतीत ती निखालस चुकीची आहे, कारण येथे जुने काय सांगते ते समजून घेणे हे नवे ओतण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे असते.

विमानाच्या इंजिनात तेलाचे कार्य

प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेसना १५२ किंवा सेसना १७२ या विमानांत लायकॉमिंग कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन असते. सिलिंडर समोरासमोर आडवे बसविलेले असतात आणि ते पाण्याने नव्हे, तर वाऱ्याने थंड होतात. येथेच मोटारीच्या इंजिनाशी असलेले साम्य संपते. वाऱ्यावर थंड होणाऱ्या सिलिंडरचे तापमान मोठ्या मर्यादेत वरखाली होते. डोक्याकडील भागाला सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंतची कमाल मर्यादा दिलेली असते. धातू तापून प्रसरण पावणार हे गृहीत धरून भागांमधील फटी मोकळ्या ठेवाव्या लागतात. परिणामी काही तेल सिलिंडरमध्ये जाऊन जळते आणि काही जळालेले वायू रिंगांच्या बाजूने खाली तेलात उतरतात. मोटारीचे इंजिन तेल पिऊ लागले की मालक धास्तावतो, परंतु विमानाचे इंजिन थोडे तेल पिते हे स्वाभाविक मानले जाते. १६० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी ताशी सुमारे अर्धा लिटर ही कमाल मर्यादा लायकॉमिंगच्या सूत्रातून येते. सुस्थितीतील इंजिनाचा खप अर्थातच याहून पुष्कळ कमी असतो.

तेलाला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. घर्षण कमी करणे हे सर्वपरिचित काम. त्याखेरीज पिस्टनच्या तळाशी व बेअरिंगमध्ये साठणारी उष्णता वाहून नेणे, रिंग व सिलिंडर यांतील फट बुजविणे, धातूवर पातळ थर राखून गंज रोखणे आणि जळणातून आलेला मळ स्वतःत तरंगत ठेवून फिल्टरपर्यंत नेणे, ही कामेही त्याचीच. शेवटचे काम येथे विशेष लक्षात ठेवावयाचे आहे. तेल जितके चांगले काम करील, तितके ते लवकर काळे पडेल. तेल काळे झाले म्हणजे खराब झाले असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. उलट बराच काळ स्वच्छ दिसणारे तेल मळ इंजिनातच सोडून येत असण्याचीही शक्यता असते.

विमानासाठी तेलाची निवड मोटारीच्या नियमांनी होत नाही. मोटारीच्या तेलात मळ धुण्यासाठी धातुयुक्त द्रव्ये घातलेली असतात. तेल जळाले की त्यांची राख मागे राहते. विमानाच्या इंजिनात तेल थोडेफार जळतेच. ती राख ज्वलनकक्षात साचून तप्त राहिली, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणून विमानाच्या तेलात राख न सोडणारी आणि मळ केवळ तरंगत ठेवणारी द्रव्ये घालतात. डब्यावरील अंकाआधीचे डब्ल्यू हे अक्षर अशा तेलाची खूण असते. नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या इंजिनात मात्र आरंभी साधे खनिज तेल घालतात, कारण रिंगा आणि सिलिंडरचा पृष्ठभाग एकमेकांशी जुळण्यासाठी थोडे घर्षण आवश्यक असते. पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिरावेपर्यंत हा क्रम चालतो. श्यानतेची निवड हवामानावर अवलंबून असते. विदर्भातील मे महिन्यात जे दाट तेल योग्य ठरते, तेच डिसेंबरच्या पहाटे इंजिन सुरू होताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. बहुश्रेणी तेलाचा उपयोग या अडचणीवर तोडगा म्हणून होतो.

विमानाच्या तेलाचा इतिहास भारतीय वाचकाला अनपेक्षितपणे परिचित वाटेल. पहिल्या महायुद्धातील विमानांत, ज्यांचे सिलिंडर प्रोपेलरसह गरगर फिरत अशा इंजिनांत, एरंडेल वापरीत. ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही आणि तापल्यावरही चिकटपणा टिकवून धरते. त्या इंजिनांत तेल परत फिरत नसे, ते धुरासह बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर येई. एरंडेलाचा जो घरगुती गुण महाराष्ट्रात आजीबाईंच्या बटव्यामुळे सर्वांस ठाऊक आहे, तो त्या वैमानिकांनाही अनुभवास येत असे. कॅस्ट्रॉल या प्रसिद्ध नावात एरंडेलाचे इंग्रजी नाव अजून शिल्लक आहे. पुढे तेल इंजिनातच फिरते ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि तेव्हापासून तेलाला स्मृती आली, असे म्हणता येईल. जे तेल एकदाच जाऊन बाहेर पडते, ते काही साठवीत नाही. जे पुनःपुन्हा फिरते, ते सर्व काही साठविते.

पन्नास तास किंवा चार महिने

तेल केव्हा बदलावे, या प्रश्नाला लायकॉमिंगच्या सेवापत्रकात दुहेरी उत्तर आहे. संपूर्ण प्रवाह गाळणारा फिल्टर बसविलेला असल्यास दर ५० तासांनी आणि केवळ धातूची जाळी असल्यास दर २५ तासांनी तेल बदलावे. मात्र तास पूर्ण झाले नाहीत, तरी चार महिन्यांपेक्षा अधिक काळ तेच तेल ठेवू नये. पहिल्या अटीचे कारण सहज कळते. दुसरी अट मात्र प्रथमदर्शनी विचित्र वाटते. वापरलेच नाही तर तेल खराब कसे होईल, असा प्रश्न विद्यार्थीही विचारतात.

याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील अल्प अंश रिंगांच्या बाजूने तेलात उतरतो. इंजिन पुरेसा वेळ तापलेले राहिले, म्हणजे तेल सुमारे ८२ अंशांच्या वर टिकले, तर हे पाणी उडून जाते. परंतु विमान जमिनीवरच दहा मिनिटे चालवून पुन्हा उभे केले, तर पाणी तयार होते आणि उडून मात्र जात नाही. ज्वलनातून आलेल्या गंधक, नायट्रोजन व ब्रोमीन यांच्या संयुगांशी त्याचा संयोग होऊन आम्ले निर्माण होतात. तेलाची आम्लता वाढत जाते आणि धातू खाल्ला जातो. ‘विमान बरेच दिवस उभे आहे, जरा इंजिन फिरवून घेऊ’ ही सद्भावनेने केलेली कृती म्हणूनच बहुधा अपाय करते.

लायकॉमिंग इंजिनाच्या रचनेमुळे हा धोका आणखी वाढतो. त्यातील कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूस आहे. विमान उभे राहिले की त्यावरील तेल हळूहळू खाली निथळते आणि कॅमचे उंचवटे उघडे पडतात. कोकण किनाऱ्यावरील पावसाळी हवेत त्यांवर गंजाचे बारीक ठिपके उठतात. पुढच्या उड्डाणात त्या खडबडीत पृष्ठभागावरून झडपेचा ढकल-भाग प्रत्येक फेरीला घासला जातो आणि कठीण केलेल्या पोलादाचा वरचा थर झिजू लागतो. एकदा हा थर गेला की पुढची झीज वेगाने होते. रोज उडणाऱ्या विमानाचे इंजिन आठवड्याने उडणाऱ्या विमानाच्या इंजिनापेक्षा दीर्घायुषी ठरते, या हँगरमधील अनुभवाचे मर्म यातच आहे.

किनाऱ्यावरील पावसाळ्याने महाराष्ट्रातील विमानचालनाला आरंभापासून जेरीस आणले आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूच्या मैदानावर उतरविले. त्या सेवेला पावसाळ्यात जुहू चिखलमय झाल्याने पुण्याचा आसरा घ्यावा लागे. मैदानाची अडचण पुढे धावपट्ट्या बांधून सुटली. हवेतील ओलावा मात्र आहे तेथेच आहे.

क्रियेचा क्रम आणि त्यामागील कारणे

तेल गरम असताना काढावे, हा पहिला नियम. काही मिनिटे इंजिन चालविले की तळाशी बसलेला मळ पुन्हा तेलात मिसळतो आणि तेलाबरोबर बाहेर पडतो. थंड तेल काढल्यास निवळ वर येते आणि साक्ष देणारा गाळ आतच राहतो. इंजिनावरील आवरण काढून खालचा निचरा-नळ उघडला जातो. प्रयोगशाळेसाठी नमुना घ्यावयाचा असल्यास तो धारेच्या आरंभी किंवा शेवटी न घेता मध्यावर, स्वच्छ बाटलीत घेतात. रुग्णाच्या तपासणीसाठी नमुना घेताना जी दक्षता घेतली जाते, तीच येथेही घ्यावी लागते.

तेलकुंडाच्या तोंडाशी एक धातूची जाळी असते. पंप तेल ओढतो ते या जाळीतून. मोठा तुकडा फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधीच येथे अडकतो. जाळी काढणे, पाहणे, धुणे आणि पुन्हा बसविणे हे काम काहीसे किचकट असते, त्यामुळे ते टाळण्याचा मोह होतो. फिल्टर स्वच्छ दिसल्यावर जाळी पाहण्याची गरज नाही, असा युक्तिवादही केला जातो. तो टिकणारा नाही, कारण जो तुकडा जाळीत अडकला तो फिल्टरमध्ये दिसणारच नाही.

फिल्टर इंजिनाच्या मागील बाजूस असतो आणि तो सोडविताना तेल सांडते. ते खालच्या भागांवर ओघळू नये म्हणून पत्रा किंवा जाड पुठ्ठा दुमडून पन्हाळीसारखा धरतात. यात केवळ नीटनेटकेपणा नाही. ओघळलेले तेल पुसले गेले नाही, तर नव्या गळतीची तपासणी करताना ते खोटी खूण दाखविते. जुना फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी कडी त्याच्यासोबत आली की नाही हे पाहणे अत्यावश्यक असते. ती इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढविला, तर दोन कड्या एकमेकींवर घसरतात आणि दाबाखालील तेल काही मिनिटांत बाहेर पडू शकते. नव्या फिल्टरच्या कडीला ठरवून दिलेल्या ग्रीसचा पातळ हात देऊन तो १६ ते १८ फूट-पौंड, म्हणजे साधारण २२ ते २४ न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळतात. हा जोर मोजपट्टीच्या पान्यानेच मोजावयाचा असतो. कमी आवळल्यास गळती आणि जास्त आवळल्यास कडी चिरडते, शिवाय पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही. त्यानंतर सेफ्टी वायर बांधतात. दोन पदरी पीळ दिलेली ही बारीक तार अशा दिशेने बांधली जाते, की कंपनाने फिल्टर सैल होऊ लागला तर ताराच तो आवळण्याच्या बाजूला ओढून धरील. तारेचा पीळ पाहून मेकॅनिकचा हात ओळखता येतो, असे जुने अभियंते सांगतात.

नवे तेल ओतल्यावर इंजिन सुरू करून दाबमापक यंत्राकडे पाहावयाचे असते. अर्ध्या मिनिटात दाब दिसू लागला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. फिल्टर रिकामा असल्यामुळे पहिले काही क्षण दाब येत नाही, हे अपेक्षितच असते. त्याहून अधिक विलंब अपेक्षित नसतो. थोडा वेळ चालवून बंद केल्यावर गळतीची पाहणी होते, तेलाची पातळी पुन्हा मोजली जाते आणि मगच आवरण चढते.

फिल्टरचे वाचन

आता या साऱ्या क्रियेचा गाभा. काढलेला फिल्टर टाकून द्यावयाचा नसतो, तो कापून उघडावयाचा असतो. त्यासाठी डबा उघडण्याच्या साधनासारखे गोल फिरणारे खास कटर वापरतात. हेक्सॉने कापल्यास पत्र्याचा कीस आत पडतो आणि इंजिनातील धातू कोणता व करवतीचा कोणता हे कळेनासे होते. साक्षीदाराला आपणच बोल शिकविल्यासारखे ते होईल. आतील घड्या घातलेला कागद वेगळा करून त्यातील तेल दाबून काढतात, तो स्वच्छ द्रावकात धुतात आणि उजेडात उलगडून, घडी-घडी तपासतात. द्रावकातील गाळही कापडातून गाळून पाहतात.

सर्वप्रथम काळे कोळशासारखे कण दिसतात. ते जळलेल्या तेलाचे असतात, बोटांत चिरडले की पूड होते. धातू चिरडत नाही, चमकतो. त्यानंतर लोहचुंबक फिरवितात. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे सिलिंडरच्या भिंती, कॅम, दातेरी चाके यांपैकी कशाचे तरी. न चिकटणारे पांढरे कण ॲल्युमिनियमचे असल्यास पिस्टन किंवा पिस्टन-पिनच्या टोकांवरील बूच यांचा संशय येतो. पिवळसर किंवा तांबूस कण ब्राँझच्या बुशचे असू शकतात.

किती धातू म्हणजे चिंता, याविषयी निर्मात्याचे मार्गदर्शन पायरीपायरीने दिलेले आहे. केसासारखे थोडे बारीक कण आढळल्यास विमान उडू द्यावे, मात्र फिल्टर पुन्हा २५ तासांनीच उघडावा. कण मोठ्या संख्येने असल्यास तेल बदलून इंजिन जमिनीवर चालवावे आणि फिल्टर पुन्हा पाहावा. मोडलेल्या पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा मिळाल्यास विमान जमिनीवरच ठेवून शोध घ्यावा. या उतरंडीतील शहाणपण लक्षणीय आहे. थोडा धातू म्हणजे संकट नव्हे, नवे इंजिन तर आरंभी थोडा धातू टाकतेच. तथापि एकदा दिसलेला धातू विसरता येत नाही, पुढच्या तपासणीचे अंतर कमी करूनच त्याला उत्तर द्यावे लागते.

फिल्टरची रचना आणखी एक दक्षता शिकविते. त्यात एक उपमार्गी झडप असते. कागद मळाने बुजला किंवा तेल फार थंड व दाट असले, तर ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. वंगणाविना राहण्यापेक्षा मळकट वंगण बरे, हा तडजोडीचा विचार त्यामागे आहे. त्यामुळे फिल्टर बुजल्याचे वैमानिकाला कळत नाही. ते कळते फक्त हँगरमध्ये, कापल्यावर.

प्रयोगशाळेतील पृथक्करण

फिल्टर साधारणपणे डोळ्यांना दिसतील असे कण पकडतो. काही मायक्रॉन आकाराचे सूक्ष्म कण त्यातून निसटून तेलातच फिरत राहतात आणि त्यांची मोजणी वर्णपटमापक यंत्राने होते. तेलाचा थेंब अत्युच्च तापमानाला नेला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून दर दशलक्ष भागांत किती लोह, तांबे, क्रोमियम, निकेल किंवा सिलिकॉन आहे ते कळते. या यंत्राला मात्र मोठे तुकडे दिसत नाहीत. फिल्टरची तपासणी आणि तेलाचे पृथक्करण ही एकमेकांची पर्यायी नव्हेत, पूरक साधने होत. एकाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही आणि दोहोंच्या मध्ये काही आकाराचे कण दोघांच्याही नजरेतून सुटतात.

सिलिकॉनचे उदाहरण बोलके आहे. ते वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ आत येत असावी, असा अर्थ लावतात. उन्हाळ्यात धुळीने भरलेल्या धावपट्टीवर ही शंका रास्त असते. परंतु दुरुस्तीच्या वेळी वापरलेल्या सांधे-लेपातूनही सिलिकॉन तेलात येते. सिलिकॉनसोबत लोह व क्रोमियम वाढले असेल तर धूळ खरी मानावी, कारण धूळ सिलिंडर व रिंगा घासते. एकट्या सिलिकॉनची वाढ बहुधा लेपाची असते.

पृथक्करणाच्या एकाच अहवालाला फारसा अर्थ नसतो. लोह ४० भाग आहे, हे वाक्य अपुरे आहे. ते किती तासांच्या तेलात, मध्ये किती ताजे तेल भरले गेले, याआधीच्या तीन-चार अहवालांत किती होते, हे सांगितल्याखेरीज त्यावरून काहीच ठरविता येत नाही. मध्ये वारंवार तेल भरणाऱ्या इंजिनातील आकडे आपोआप सौम्य दिसतात. जे इंजिन अधिक आजारी, त्याचाच अहवाल अधिक निरोगी दिसावा, असा हा विरोधाभास आहे. संख्याशास्त्र शिकविणाऱ्यांना छेद बदलल्याने गुणोत्तर कसे फसविते याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

नोंद व स्वाक्षरी

अमेरिकेतील नियमांनुसार खासगी वैमानिक स्वतःच्या विमानाचे तेल व फिल्टर बदलू शकतो आणि नोंदवहीत स्वाक्षरी करू शकतो. भारतात असे काम परवानाधारक देखभाल अभियंत्याने प्रमाणित करण्याची पद्धत आहे. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली, तरी स्वाक्षरीमागील उत्तरदायित्वाची कल्पना तीच राहिली आहे. दोन पद्धतींपैकी कोणती श्रेष्ठ, याविषयी मतभेद संभवतात. स्वतः फिल्टर कापणारा वैमानिक आपल्या इंजिनाला जितका ओळखतो, तितका केवळ उडविणारा ओळखत नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र प्रशिक्षण संस्थेत एकच विमान दिवसातून अनेक हातांत जाते. तेथे जबाबदारी विभागली की ती कोणाचीच राहत नाही, म्हणून एका नावाची स्वाक्षरी आवश्यक ठरते.

नोंदीत इंजिनाचे एकूण तास, तेलाची श्रेणी व मात्रा, फिल्टरचा क्रमांक, त्यात काय आढळले आणि गळती-तपासणी, हे सर्व यावे लागते. ‘तेल बदलले, फिल्टर बदलला’ एवढीच नोंद नियमाला कदाचित पुरेल, पण पुढच्या अभियंत्याला पुरणार नाही. अशा इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीची मुदत सामान्यतः २,००० तासांची असते, म्हणजे एका आयुष्यात सुमारे चाळीस वेळा तेल बदलले जाते. चाळीस नोंदी ‘काही आढळले नाही’ अशा असल्या, तरी त्या निरुपयोगी नसतात. एकेचाळिसाव्या वेळी आढळलेल्या धातूचे गांभीर्य त्यांच्यामुळेच कळते.

शिसे आणि काढलेल्या तेलाची वाट

लहान विमानांचे पेट्रोल अद्यापही शिसेयुक्त आहे. १०० एलएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंधनात दर लिटरला कमाल ०.५६ ग्रॅम शिसे असू शकते. उच्च दाबाखाली मिश्रण अवेळी स्फोट पावू नये म्हणून ते घालतात. इंडियन ऑइलने वडोदरा येथील शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले हे इंधन सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. त्यापूर्वी देश यासाठी आयातीवर अवलंबून होता. शिसेमुक्त पर्यायाकडे वळण्यासाठी अमेरिकेने २०३० हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. तोवर ताशी ३० ते ३५ लिटर इंधन पिणाऱ्या विमानाच्या इंजिनातून ५० तासांत, कमाल मर्यादा धरल्यास, जवळजवळ एक किलो शिसे जाते. त्यातील बहुतांश धुराड्यावाटे हवेत मिसळते, काही अंश तेलात उतरतो. विमानाच्या वापरलेल्या तेलात म्हणूनच शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत हजारांच्या घरात जाते. पृथक्करणाच्या अहवालात हा आकडा सर्वांत मोठा असतो आणि इंजिनाच्या प्रकृतीबाबत तोच सर्वांत निरुपयोगी असतो, कारण तो झिजेचा नव्हे, इंधनाचा असतो.

हाच आकडा हँगरबाहेर मात्र निर्णायक ठरतो. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत, पुनःशुद्धीकरणास योग्य अशा वापरलेल्या तेलासाठी शिशाची मर्यादा दर दशलक्ष भागांत १०० आहे. मोटारीचे काढलेले तेल, त्यातील शिसे पेट्रोलमधून हद्दपार झाल्यापासून, सहसा या मर्यादेत बसते. विमानाचे बसत नाही. दोन्ही तेले दिसावयास सारखीच काळी, आणि गावोगावी जुने तेल गोळा करणाऱ्याला त्यांतील फरक कळण्याचा मार्ग नाही. ती एकाच पिंपात ओतली की विमानाचे थोडे तेल मोटारीच्या पुष्कळ तेलाला नियमबाह्य करून ठेवते. गोळा झालेले तेल वीटभट्टीत किंवा छोट्या बॉयलरमध्ये जाळले गेल्यास ते शिसे कामगारांच्या आणि वस्तीतील मुलांच्या श्वासात जाते.

१ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाचे उत्पादक व आयातदार यांच्यावर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराचे विस्तारित उत्तरदायित्व आले आहे. त्याचा रोख मुख्यतः मोठ्या मात्रेकडे आहे. प्रशिक्षण संस्थेची अडचण वेगळी आहे. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक साठविता येत नाही. एका विमानातून एका वेळी सहा-सात लिटर तेल निघते आणि २०० लिटरचे पिंप भरण्यास सुमारे तीस वेळा तेल बदलावे लागते. दहा-बारा विमाने रोज उडविणाऱ्या संस्थेला ते काही महिन्यांत जमते. एक-दोन विमाने असलेल्या क्लबला वर्षानुवर्षे जमत नाही आणि अर्धवट पिंपासाठी नेणारे वाहन बोलावणे परवडत नाही. मोटारीच्या तेलात ते हळूच मिसळून टाकण्याचा मोह येथेच उत्पन्न होतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून साठवणुकीची मुदत वाढवून घेण्याची सोय अशा लहान उत्पादकांसाठी नियमांत आहे, परंतु तिचा उपयोग करण्यासाठी आपण घातक कचऱ्याचे उत्पादक आहोत हे आधी कबूल करावे लागते.

पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक क्षेत्रात घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट करणारी भट्टी आहे. न्हावा शेव्याहून ती फार दूर नाही. तेथपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक पिंपासोबत नमुना क्रमांक १० चे वाहतूकपत्र असावे लागते. त्यात कचरा कोठून निघाला, कोणत्या प्रकारचा आहे आणि किती आहे, ही माहिती भरावयाची असते. तेल काढताना स्वतंत्र पिंप ठेवणे, त्यावर ‘शिसेयुक्त विमान-तेल’ अशी चिठ्ठी लावणे, कापलेले फिल्टर व तेलाने माखलेल्या चिंध्या त्याच वर्गात धरणे, आणि प्रत्येक वेळी किती लिटर ओतले ते पिंपाशेजारच्या वहीत लिहिणे, एवढे केले की हे पत्र भरण्यास पाच मिनिटे लागतात. इंजिनाच्या नोंदवहीत किती तेल घातले ते लिहिलेले असते. किती काढले आणि ते कोठे गेले याचा रकाना मात्र तीत नसतो.